गिटारचं बारीक सामान: इंदुरात काय मिळतं, काय मागवायचं आणि साठा कसा ठेवायचा

सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन “गिटारचा स्क्रू आहे का” विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे, “भिया, म्यूझिकवाले के यहाँ देखो”, आणि म्यूझिकवाल्याकडे गेलात तर तो म्हणणार सुटा नाही मिळत, पूर्ण सेट घ्या. गंमत अशी की तोच स्क्रू त्या पहिल्या दुकानात मागच्या फळीवरच्या खोक्यात शेकड्याने पडलेला असतो, फक्त तिथे त्याला गिटारचा स्क्रू म्हणत नाहीत, ४ नंबर अर्धा इंच रेज्ड सीएसके म्हणतात. तेव्हा पहिली गोष्ट ही की सामान मापाने मागायचं, गिटारचं नावच काढायचं नाही. आणि साठासुद्धा गिटारप्रमाणे नाही, मापाप्रमाणे लावायचा. हे एकदा जमलं की निम्म्याहून जास्त सामान गावातच मिळतं आणि बाहेरून मागवायची यादी खूप छोटी होते.

माप घ्यायला १५० एमएमचा डिजिटल व्हर्निअर लागतो, स्वस्तातला चालेल पण मेटलचा घ्या, प्लॅस्टिकचा जबडा वाकतो आणि अर्ध्या एमएमचा फरक तिथेच पडतो. सोबत एक पिच गेज, म्हणजे आटे मोजायची पात्यांची जुडी, मेट्रिक आणि इंची दोन्ही पाती असलेली. आणि एक लोहचुंबक, ते कशाला ते पुढे येईल.

लाकडात जाणारे स्क्रू सगळ्यात सोपे, कारण आपल्याकडचे दुकानदार नंबरानेच बोलतात आणि अमेरिकन गिटारवाले पण नंबरानेच बोलतात, दोघांचा नंबर एकच. २ नंबर म्हणजे २.२ एमएम, ४ नंबर २.९, ६ नंबर ३.५ आणि ८ नंबर ४.२. बोल्ट-ऑन नेक, म्हणजे स्क्रूने बॉडीला जोडलेली मान, धरून ठेवणारे चार स्क्रू म्हणजे ८ नंबर पावणेदोन इंची, साधारण ४५ एमएम. पट्ट्याचं बटण ६ नंबर एक इंची. पिकगार्डचे, म्हणजे बॉडीवरच्या प्लॅस्टिकच्या पत्र्याचे, ४ नंबर अर्धा इंच. मशीन हेडच्या (तारा ताणायच्या चाब्यांच्या) मागचे चिमुकले आणि ट्रस रॉडच्या (नेकचा वाक सांभाळणाऱ्या आतल्या सळीच्या) झाकणाचे बहुतेक २ नंबरच्या आसपास, आणि हे मात्र सियागंजात सहज नाही मिळत, तिथे ४ नंबरच्या खाली कोणाला रस नसतो, त्यासाठी घड्याळ किंवा छोटी इलेक्ट्रॉनिक्स उपकरणं दुरुस्त करणाऱ्यांना सामान पुरवणारा दुकानदार गाठावा लागतो नाहीतर ऑनलाइन पाकीट मागवावं.

हेड कोणतं ते पण सांगायचं. सीएसके म्हणजे बसका, लाकडात किंवा प्लॅस्टिकच्या खळग्यात सपाट बसणारा, रेज्ड सीएसके म्हणजे वरून किंचित फुगीर, पिकगार्डला तोच शोभतो, पॅन हेड म्हणजे वर गोल टोपी. सीएसकेच्या जागी पॅन घातला तर दिसायला तर वाईट दिसतंच पण प्लॅस्टिक पण तडकतं. नेकचे स्क्रू घेताना एसएस, म्हणजे स्टेनलेस, घेण्यापेक्षा साधे निकेल किंवा झिंक प्लेटिंगचे घ्या, ताकद पुरते. २ नंबरचे मात्र पितळी अजिबात नकोत, शिसम किंवा मेपलमध्ये फिरवताना स्क्रूची मान तुटते आणि अर्धा तुकडा आत राहतो, मग तो काढत बसा. कोणताही असो आधी भोक पाडायचं, २.२ च्या स्क्रूला दीड एमएमचं, २.९ ला दोनचं, नेकमध्ये ४.२ ला तीन-सव्वातीनचं, बॉडीच्या बाजूला मात्र स्क्रू सैल सरकला पाहिजे म्हणून साडेचारचं. आणि आट्यांना मेणबत्ती घासून मग फिरवा.

आता खरी डोकेदुखी, धातूत जाणारे मशीन स्क्रू. इथे गिटारच्या दोन जाती आहेत, अमेरिकेत बनलेली इंची आणि बाकी बहुतेक आशियात बनलेली मेट्रिक, आणि आपल्या हातात येणाऱ्या दहातल्या नऊ मेट्रिक असतात हे नशीब. ब्रिजच्या सॅडलची (तार जिच्यावर टेकते त्या तुकड्याची) उंची कमी-जास्त करणारा बारीक, बिनडोक्याचा ग्रब स्क्रू मेट्रिकमध्ये एम ३, म्हणजे ३ एमएम जाडीचा, असतो आणि त्याला दीड एमएमची एलन की लागते, अमेरिकन फेंडरमध्ये तो ४-४०, म्हणजे ४ नंबर आणि इंचाला ४० आटे, असतो आणि की ०.०५० इंचाची, म्हणजे १.२७ एमएम. सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) लटकवणारा स्क्रू इकडे एम ३, तिकडे ६-३२. स्विचचा स्क्रू इकडे एम ३.५, तिकडे पुन्हा ६-३२. ट्रेमोलोच्या दांड्याचं तर विचारूच नका, ५ एमएम, ६ एमएम आणि १०-३२ तिन्ही फिरतात, त्यातही १०-३२ जाडीला ४.८३ एमएम आणि आट्यांचं अंतर जवळपास एम ५ इतकंच, म्हणून तो एम ५ च्या भोकात आरामात जातो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि नंतर खुळखुळतो. दांडा हरवलेली गिटार आली तर आधी भोक मोजा मग दांडा शोधा.

दुकानात “इंची द्या” असं नुसतं म्हणू नका. आपल्याकडे इंची म्हटलं की व्हिटवर्थ काढून देतात, बीएसडब्ल्यू. १/८ व्हिटवर्थला इंचाला ४० आटे असतात, ४-४० ला पण ४०, पिच गेजवर दोन्ही तंतोतंत बसतात, पण व्हिटवर्थ ३.१७ एमएम जाड आणि ४-४० फक्त २.८४, मग तो जोर लावून बसवायचा आणि सॅडलचे आटे मारायचे. आटे आणि जाडी दोन्ही मोजल्याशिवाय इंची स्क्रू विकत घ्यायचाच नाही.

६-३२ साठी एक सोपी युक्ती आहे. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला आणि मोठ्या हार्ड डिस्कला जे जाड आट्यांचे स्क्रू असतात ते ६-३२ च असतात, आणि बारीक आट्यांचे जे डीव्हीडी ड्राइव्हला किंवा लॅपटॉप साइझच्या डिस्कला लागतात ते एम ३. आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये कोणत्याही रिपेअरवाल्याकडे मूठभर मिळतात. लांबी कमी असते त्यामुळे पिकअपला नाही पुरत, पण एक-एक स्क्रू दोऱ्यात बांधून टेबलापाशी टांगून ठेवा, गिटार अमेरिकन माप आहे की मेट्रिक हे फिरवून बघायला याच्यापेक्षा सोपं साधन नाही. हाताने सहज फिरला तर तो त्याचा, दोन आट्यांत अडला तर नाही.

एम ३ चे ग्रब स्क्रू ६, ८, १० आणि १२ एमएम लांबीत भरपूर घेऊन ठेवा, एसएसमध्ये घ्या कारण घामाने सगळ्यात आधी हेच गंजतात आणि मग एलन की गोल फिरते. पण एसएसचा हा हव्यास हमबकरच्या (दोन कॉइलच्या पिकअपच्या) पोलच्या स्क्रूला नको, त्या स्क्रूतून चुंबकाचं काम तारेपर्यंत पोहोचतं, ३०४ ग्रेडचं एसएस चुंबकाला धरत नाही, म्हणजे स्क्रू चकचकीत आणि आवाज पडलेला. म्हणूनच ते लोहचुंबक खिशात ठेवायचं, चिकटला तर घ्या.

एलन कीचा सेट मेट्रिक आणि इंची दोन्ही हवा. ट्रस रॉडला बहुतेक ठिकाणी ४ किंवा ५ एमएम लागते, गिब्सन पद्धतीच्याला ५/१६ चा बॉक्स पाना. ५ एमएमच्या जागी ३/१६ ची घालायची नाही, ती ४.७६ ची असते, आत जाते आणि कोपरे खाऊन टाकते, मग ट्रस रॉड बदलायचा म्हणजे फिंगरबोर्ड उखडायचा. शिवाय १० एमएमचा पाना पाहिजे, मशीन हेडच्या पुढच्या नटाला. एप्रिल-मेमध्ये आपल्या माळव्यात हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं आणि हे नट आपोआप सैल होतात, गिऱ्हाईक म्हणतं चाबी खराब झाली, बदला. आधी पाना लावून बघा.

इलेक्ट्रिकच्या सामानाला महाराणी रोड. जॅक मागताना “पी-३८ मोनो सॉकेट” म्हणा, क्वार्टर इंच म्हटलं तर काही जणांना कळत नाही. हातात घेऊन दोन-चार वेळा प्लग आत-बाहेर करा, पाती मऊ असेल तर सहा महिन्यांत खरखर सुरू होणार. जॅकवर मात्र पैसे वाचवू नयेत असं माझं मत, इलेक्ट्रिक गिटारमध्ये सगळ्यात जास्त छळणारी वस्तू तीच, चांगल्या कंपनीचे चार-पाच मागवून ठेवा आणि एकॉस्टिकच्या एन्डपिनसाठी स्टेरिओ जॅक वेगळे, कारण प्रीअँपची बॅटरी त्या तिसऱ्या टोकावरूनच चालू-बंद होते.

पॉटचं, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालच्या वस्तूचं, असं की पुस्तकात २५० के आणि ५०० के (किलोओहम) लिहिलेलं असतं, सिंगल कॉइलला पहिला आणि हमबकरला दुसरा, आणि बाजारात मिळतो २२० के आणि ४७० के. काही बिघडत नाही. पॉटमध्ये तसाही वीस टक्के इकडेतिकडे असतो, म्हणजे ५०० चा म्हणून घेतलेला ४०० चा पण निघू शकतो. मल्टिमीटर घेऊनच जा, दुकानदार थोडा वैतागतो पण मोजू देतो. ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनिअर, आणि छापलेलं अक्षर खरं आहे का ते बघायचं असेल तर दांडा बरोबर मध्ये आणा, मधला पाय आणि एक टोक मोजा, निम्मं आलं तर लिनिअर, एका बाजूला दहा-पंधरा टक्केच आलं तर लॉग. व्हॉल्यूमला आणि टोनला लॉगच बरा वाटतो. घ्यायच्या आधी गळ्याची जाडी पण बघा, छोट्या पॉटचा गळा ७ एमएम, मोठ्या मेट्रिकचा ८ आणि अमेरिकनचा ३ सूत म्हणजे साडेनऊ, आणि दांड्यावरचे दाते मेट्रिकला १८, अमेरिकनला २४, त्यामुळे नॉब एकमेकांचे बसत नाहीत. कपॅसिटर मात्र डोळे मिटून घ्या, हिरवे पॉलिएस्टरवाले, २२३ आणि ४७३, शंभर व्होल्टचे चालतात, गिटारमध्ये तेवढे व्होल्ट कुठून येणार. महागडे सोनेरी कपॅसिटर विकणारे खूप आहेत, ज्यांना ऐकू येतो त्यांनी घ्यावेत.

पिकअपखालच्या स्प्रिंगची गोष्ट मजेशीर आहे. ओरिजिनल स्प्रिंग शोधत फिरण्यापेक्षा सायकलच्या दुकानातून वॉल्व्ह ट्यूब आणा, ती जुनी बारीक रबरी नळी, एम ३ च्या स्क्रूवर ताणून घट्ट बसते, हवी तेवढी कापता येते आणि स्प्रिंगसारखी किणकिण करत नाही. रबर काही वर्षांनी कडक होतं, तेव्हा बदलायची, दोन रुपयांचा मामला.

हत्यारांसाठी सराफा, आणि दिवसा जायचं कारण रात्री तिथे खाऊगल्ली लागते आणि सोनारांचं सामान विकणारी दुकानं बंद. निडल फाइलचा सेट, म्हणजे बारीक कानशी, सोनारी करवतीची पाती, पिन व्हाइस, अर्ध्या एमएमपासूनचे ड्रिल आणि डोळ्याला लावायचं भिंग, हे सगळं गिटारच्या नावाने मागवलं तर कितीतरी महाग पडतं. नटाच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्या, खाचा कापायच्या खास कानशी बाहेरून येतात आणि चांगल्याच असतात, पण सुरुवातीला गॅस वेल्डिंगचे टिप क्लीनर घ्या, वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात छोट्या डबीत मिळतात, वेगवेगळ्या जाडीच्या दातेरी तारा, गोल बुडाची खाच पाडतात. गिटारच्या तारेपेक्षा किंचित जाड क्लीनर निवडा, सगळ्यात बारीक दोन तारांना मात्र क्लीनर जाड पडतो, तिथे करवतीचं पातं वापरा. ऑटो पार्ट्सवाल्याकडून फीलर गेज आणा, फ्रेट (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) आणि तारेमधलं अंतर मोजायला.

आता ज्या गोष्टी गावात शोधत बसू नये त्या. मशीन हेड, फ्रेट वायर, चांगले ट्रस रॉड, ब्रिज.

मशीन हेडमध्ये भोकाची मापं आधी. नवीन बंद डब्याच्या चाब्यांना १० एमएमचं भोक, जुन्या पद्धतीच्या ठोकून बसवायच्या बुशला साधारण साडेआठ-पावणेनऊ, आणि एका पट्टीवर तीन चाब्या असतील तर दोन दांड्यांमधलं अंतर, क्लासिकलला ते ३५ एमएम ठरलेलं आहे. स्वस्त गिटारच्या पट्टीवाल्या चाब्यांची नुसती प्लॅस्टिकची बटणं तुटतात, म्हणून मोडीत निघालेल्या गिटारींच्या चाब्या कधी टाकायच्या नाहीत. नवीन घेताना १५:१ किंवा १८:१ हा आकडा बघण्यापेक्षा हातात फिरवून बघा, उलट फिरवताना रिकामी फिरते का. ब्रँडेडच्या नावाने नकली फार येतात, फारच स्वस्त दिसलं तर ते तेच.

ब्रिज पिनचे, म्हणजे एकॉस्टिकच्या ब्रिजमध्ये तार अडकवणाऱ्या खुंट्यांचे, दोन उतार असतात, ३ डिग्री आणि ५ डिग्री, आणि डोळ्याला फरक कळत नाही. टोपीखाली जाडी मोजा आणि २० एमएम खाली परत मोजा, साधारण १ एमएम कमी झाली तर ३ डिग्री, पावणेदोन कमी झाली तर ५. ५ चं भोक आणि ३ ची पिन असेल तर ती खालीच धरते, वर हलते, आणि तार ताणली की उडते. प्लॅस्टिकच्या पिना दोन्ही उताराच्या दोन-दोन डझन ठेवा, सगळ्यात जास्त खपणारा माल हाच.

नट आणि सॅडलला हाड. म्हशीच्या हाडाचे तुकडे, उत्तर प्रदेशात संभळला शिंग आणि हाडाची कारागिरी मोठी आहे, ऑनलाइन बरंचसं पांढरं हाड आपल्याच देशातलं मिळतं, परदेशातून मागवायची गरज नाही. तुकडा ६ एमएम जाड, ५२ लांब घेतला की त्यातून बहुतेक नट निघतात, ४२, ४३ आणि साडेचव्वेचाळीस रुंदीचे. फेंडर पद्धतीची खाच ३.२ एमएमची असते, त्यासाठी साडेतीनचे तुकडे वेगळे ठेवा, सहाचा घासत बसाल तर संध्याकाळ जाईल. सॅडलला ३ एमएम आणि अमेरिकनला कधी २.४ तर कधी ३.२. हाड घासताना मास्क लावा आणि घरात घासू नका, वास दोन दिवस जात नाही, घरच्यांची शपथ.

फ्रेट वायर म्हणजे जर्मन सिल्व्हर, तांबं-जस्त-निकेल, चांदी नावालाच, गिटारच्या तारेत निकेल बहुतेक १८ टक्के. एका गिटारला सव्वा ते दीड मीटर लागते. मध्यम २.४ रुंदीची आणि जंबो २.८-२.९ ची, अशा दोन ठेवल्या की भागतं. पण रुंदीपेक्षा महत्त्वाचं आतलं पातं, टँग, खाच ०.५८ ची असते आणि पातं जाड असेल तर नेक मागे वाकतो, पातळ असेल तर फ्रेट वर येतात. जुनी फ्रेट काढून तिचं पातं मोजा, त्यानेच मागवा. स्टेनलेसची फ्रेट वायर टिकते खूप पण कटर आणि कानशी खाते, सुरुवातीला नको.

एखादी गोष्ट कुठेच मिळत नसेल तर लेथवाला. जुनं १० एमएमचं भोक आणि पाव इंची दांड्याची चाबी, तर मध्ये पितळी बुश लागतो, तो पोलोग्राउंड किंवा सांवेर रोडच्या बाजूला छोट्या वर्कशॉपमध्ये करून मिळतो, पितळेची सळी देऊन कागदावर चित्र आणि मापं लिहून द्या, “इतकं घट्ट” असं सांगू नका, आकडा लिहा, १०.० का १०.१. एकाच्या जागी वीस करून घ्या, त्याला सेटिंगला लागणारा वेळ तोच असतो. प्लेटिंगवाला थोडे नग घेत नाही, तेव्हा आधी साठवा मग एकदम द्या, किंवा पितळ तसंच राहू द्या, छान दिसतं.

साठा ठेवायची माझी पद्धत साधी आहे, खणांचे प्लॅस्टिकचे डबे, प्रत्येक खणाच्या झाकणावर एक नमुना स्क्रू टेपने चिकटवलेला आणि खाली माप, दुकान, भाव. लाकडाचे स्क्रू एका डब्यात, मेट्रिक दुसऱ्या, इंची तिसऱ्या आणि वेगळ्या रंगाचा, ते कधीच मिसळायचे नाहीत, मिसळले तर वेगळे करण्यापेक्षा नवीन घेतलेले बरे. जुलै-ऑगस्टला प्रत्येक डब्यात सिलिका जेलची पुडी. सोल्डरिंगचा फ्लक्स आणि ९ व्होल्टच्या बॅटऱ्या या डब्यांच्या आसपास नको, बॅटरी फुटली की शेजारचं सगळं हिरवं. किती ठेवायचं म्हणाल तर जे शेकड्याने स्वस्त आहे ते शेकड्याने, जे गिऱ्हाईक वाट बघत असताना लागतं ते दहा-वीस, म्हणजे जॅक, पिना, ग्रब स्क्रू, पट्ट्याची बटणं, आणि जे महाग आहे ते गिटार समोर आल्यावर, ॲडव्हान्स घेऊन. ब्रिज आणि पिकअप उगाच आणून ठेवू नका, पहिल्या ते सहाव्या तारेतलं अंतर ५२ एमएम आहे की ५६ हे आलेल्या गिटारवरच ठरतं.

एक डबा मोडीचा ठेवा. फुटलेली गिटार कोणी फुकट किंवा कमी पैशात देत असेल तर घ्या, चाब्या, बटणं, पिकगार्डचे स्क्रू, जॅकची प्लेट, ट्रस रॉडचं झाकण, सगळं काढून ठेवा आणि गिटारचं नाव डबीवर लिहा, बंद पडलेल्या मॉडेलचा जुळणारा काळपट पितळी स्क्रू नवीन कुठून मिळणार.

मुंबईला जाणं होत असेल तर यादी करून जा. संध्याकाळी अवंतिका एक्सप्रेस पकडली की सकाळी मुंबई सेंट्रल, नागदेवी स्ट्रीटला स्क्रू आणि हत्यारं, लॅमिंग्टन रोडला पॉट, स्विच आणि जॅक, दोन्ही एका दिवसात होतं. परदेशातून, म्हणजे अमेरिकेच्या स्ट्यूमॅकसारख्या दुकानातून, एकट्याने चार वस्तू मागवल्या तर कुरिअर आणि कस्टम ड्युटी मिळून वस्तूपेक्षा जास्त होऊ शकतं, गावातल्या दुरुस्ती करणाऱ्या दोघा-तिघांनी मिळून वर्षातून एकदा एकच ऑर्डर टाकावी, फ्रेट वायर, नटाच्या कानशी आणि इंची स्क्रूंची पाकिटं त्यात घालावीत, बिलाची प्रिंट जपून ठेवावी कारण कुरिअरवाले केवायसी आणि बिल दोन्ही मागतात, आणि पार्सल उघडल्यावर वाटणी करायच्या आधी प्रत्येक पाकिटावर मराठीत माप लिहून टाकावं.